अंगणातला चौथा कॅमेरा

माझं माहेर तिरोड्याकडचं. गोंदिया वेगळा जिल्हा झाला आणि माहेर एका जिल्ह्यात, नोकरी दुसऱ्यात, अशी माझी वाटणी झाली. नोकरी मोहाडीत, एका खासगी संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहात. मी तिथे रेक्टर होते. पाचवी ते बारावीच्या चाळीसेक मुली, एक स्वयंपाकीण, एक चौकीदार आणि मी. मुली बहुतेक धान पिकवणाऱ्या घरांतल्या, आजूबाजूच्या खेड्यांतल्या. काही तर तुमसर तालुक्याच्या पार टोकाच्या, मध्य प्रदेशची हद्द जिथून दिसते तिथल्या.

मी स्वभावाने संशयी आहे. दाराला कडी लावली की दोनदा ओढून बघते. एखादी मुलगी पोट दुखतं म्हणाली, तर आधी तिचा त्या दिवशी कोणता पेपर आहे ते बघते. रेक्टरच्या नोकरीत हा स्वभाव गुणात धरला जातो. पालक म्हणायचे, "मॅडमची नजर मोठी तिखट आहे जी, आपल्याले काळजी नाही." मला ते ऐकायला आवडायचं.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत कोणीतरी भिंतीवरून आत उतरलं आणि न्हाणीघरातल्या नळांच्या सगळ्या पितळी तोट्या काढून घेऊन गेलं. मुली घरी होत्या म्हणून निभावलं. पण संस्थेचे सचिव हादरले. वयस्कर, भला माणूस. म्हणाले, "आज तोट्या गेल्या, उद्या भलतंच काही झालं तं लोक मले विचारतीन." त्यांनी भंडाऱ्याहून कॅमेरे बसवणारा बोलावला. फाटकावर एक, मागच्या भिंतीवर एक, जेवणाच्या खोलीत एक असे तीन कॅमेरे ठरले होते. चौथा अंगणात लावा, हे मी सुचवलं.

अंगण म्हणजे वसतिगृहाचा सगळा जीव तिथेच. मुली सकाळी तिथे केस वाळवायच्या, वेण्या घालायच्या, कपडे वाळत टाकायच्या, परीक्षेच्या दिवसांत पुस्तक घेऊन येरझारा घालायच्या, संध्याकाळी फुगड्या खेळायच्या. भिंत उंच, वर काचा लावलेल्या. बाहेरून आतलं काही दिसायचं नाही. आतलं सगळं मात्र मला दिसायला हवं होतं.

बसवणाऱ्यानं दोन दिवस भोकं पाडली, वायरी ओढल्या. माझ्या ऑफिसात कपाटावर एक काळा डबा ठेवला, भिंतीवर टीव्ही लावला. टीव्हीच्या चार तुकड्यांत आमचं वसतिगृह दिसायला लागलं. मग त्यानं डब्याला एक पांढरी पट्टी चिकटवली आणि तिच्यावर पेनानं पासवर्ड लिहिला.

"ॲडमिन, आन मंग एकपासून सहापर्यंत आकडे. झोपीतही आठवन तुमाले."

"बदलायचा नसतो का तो?" मी विचारलं. विचारलं होतं, एवढं खरं.

"कायले बदलता मॅडम? बदलता, विसरता, आन मंग मले भंडाऱ्याहून बोलावता."

डब्याच्या कडेला छापील चौकोनी कोड होता. तो सचिवांच्या मोबाईलवर आणि माझ्या मोबाईलवर धरून त्यानं ॲप टाकून दिलं. आता मी बाजारात असले तरी अंगण बघू शकत होते. पहिले पंधरा दिवस मी दिवसातून वीस वेळा बघत होते.

आमच्याकडे मुलींना मोबाईल ठेवायची परवानगी नव्हती. रविवारी पालक ऑफिसच्या फोनवर फोन करायचे, मुली व्हरांड्यात रांग लावून बोलायच्या. सातवीत एक मुलगी होती, हद्दीवरच्या बपेऱ्याजवळच्या खेड्यातली. दोन वर्षांपूर्वी तिची आई गेली होती आणि वडील नदीपलीकडे मध्य प्रदेशात एका राइस मिलमध्ये कामाला होते. ही पोर फार बोलायची नाही. फोनवर तिचे तीन शब्द ठरलेले: हो, नाही, जेवली. एका रविवारी तिचे तीन शब्द संपल्यावर तिच्या वडिलांनी मला फोन द्यायला सांगितला.

"मॅडम, पोरीले लाल स्वेटर देल्लं होतं. ते काहून नाही घालत ते? चार दिवस झाले, नुसत्या फ्रॉकवर फिरून राहिली."

"बघते भाऊ, घालायला सांगते," म्हणून मी फोन ठेवला. आणि ठेवल्यावर माझ्या मनात आलं, चार दिवस म्हणजे? ह्यांना दिवस कसे माहीत?

मी मुलीला बोलावलं. "तू बाबाले सांगितलं, स्वेटर घालत नाही म्हणून?"

"नाही मॅडम."

"मग त्यांना कोणी सांगितलं?"

"मले नाही माहीत." स्वेटरची बाही उसवली होती म्हणून ती घालत नव्हती, एवढंच तिनं सांगितलं.

तिचं बोलणं मी स्वतः ऐकलं होतं. त्यात स्वेटर कुठेच नव्हतं. म्हणजे आतलं कोणीतरी बाहेर बोलत होतं. वसतिगृहात लपवलेला मोबाईल आहे, असं मी त्या क्षणी धरून चालले. त्यानंतर मला प्रत्येक मुलीचा हात ओढणीखाली कशाला जातोय, हेच दिसायला लागलं.

आठवडाभरात बारावीच्या दोन मुली ऑफिसच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आत या म्हटलं तरी येईनात. शेवटी त्यांतली एक म्हणाली, "मॅडम, एक गोष्ट सांगायची होती. तुमी रागवाल नाही ना?"

कॉलेजातून येताना बसस्टॉपवर मोटारसायकलवर दोन माणसं बसली होती. ह्या दोघी समोरून गेल्या तेव्हा त्यांतला एक, दुसऱ्याशी बोलल्यासारखं पण ह्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काल अंगणात फुगडी मस्त झाली. निळ्या ओढणीवाली लवकर दमली."

निळी ओढणी तिचीच होती. सांगताना तिनं ती हातात पिळून धरली होती.

मी त्या दोघींना पाणी दिलं, बसवलं, आणि गच्चीवर गेले. कोणत्या घरावरून आमचं अंगण दिसतं, ते चारही बाजूंनी वाकून बघितलं. एका बाजूला गोदामाचं पत्र्याचं छत. दुसरीकडे धान कापून झालेल्या बांध्या, त्यांत उगवलेलं लाखोळीचं हिरवं कडधान्य. पुढे रस्ता, आणि रस्त्यावरून फक्त भिंत. कुठूनच काही दिसण्यासारखं नव्हतं. मग आतूनच कोणीतरी दाखवत होतं.

शनिवारी दुपारी मी सगळ्या मुलींना आपापली पेटी घेऊन अंगणात बसवलं आणि एकेक पेटी उघडली. चिंचेच्या गोळ्या निघाल्या, एक लिपस्टिक निघाली, मैत्रिणीला लिहिलेली आणि न दिलेली चिठ्ठी निघाली. सातवीतल्या त्या मुलीच्या पेटीत तळाशी रुमालात बांधलेला आईचा फोटो होता. रुमालाची गाठ मी सोडली, आत काय आहे ते बघून पुन्हा बांधली, आणि ती माझ्याकडे बघत राहिली. मोबाईल निघाला नाही. मुली रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. प्रत्येकीनं आपलं सामान पुन्हा घडी घालून ठेवलं, आणि ते बराच वेळ चाललं होतं.

पेट्यांत नाही, मग कोणाजवळ? चौकीदाराजवळ बटणांचा साधा फोन. राहिली स्वयंपाकीण.

आम्ही तिला मावशी म्हणायचो. घर विणकराचं, सासऱ्यापासून नवऱ्यापर्यंत सगळे मागावर बसलेले. ती माझ्याआधीपासून वसतिगृहात होती. दिवाळीत लेकीनं तिला टच स्क्रीनचा मोबाईल दिला होता. भाजी निवडताना ती तो समोर भिंतीला टेकवून ठेवायची, कधी हातात धरून अंगणाकडे तोंड करून उभी राहायची. हे मी शंभरदा बघितलं होतं आणि त्यात मला कधी काही वाटलं नव्हतं. आता वाटलं.

मुली जेवायला बसल्या असताना मी तिच्याकडे गेले. "मावशी, मोबाईल द्या."

"कायले?"

"द्या म्हटलं ना." आणि तिनं पदरात धरलेला मोबाईल मी ओढून घेतला. मुलींचे हात ताटात थांबले.

त्यात तिच्या पायांचे फोटो होते, छताचे होते, कढईचे होते, सगळे चुकून निघालेले. आणि एक फोटो अंगणाचा होता. दोन लहान मुली एकमेकींच्या डोक्याला तेल लावत बसलेल्या.

"हा कशाला काढला?"

"लेकीले दाखवाले. म्हटलं, पाह्य, कशा बहिणीवाणी राह्यतात." मग माझ्या तोंडाकडे बघून तिला सगळा अर्थ कळला असावा. ती म्हणाली, "मॅडम, पोरीचं ताट उष्टं राह्यलं तं मले समजते तिच्या मनात काय आहे. मी त्याह्यचे फोटू बाहेर देईन?"

मी सचिवांना फोन केला. ते म्हणाले, चौकशी होईपर्यंत बाईंना घरी बसवा. मी तिला तसं सांगितलं. तिनं भाताचं गंज चुलीवरून उतरवलं, हात धुतले आणि पिशवी घेऊन गेली.

पुढचे आठ दिवस मुलींनी पाळ्या लावून स्वयंपाक केला, पोळ्या जेवणाच्या खोलीतच लाटल्या. मी मनाशी म्हणत होते, आता आतलं बाहेर जाणं बंद होईल. रविवारी पुन्हा त्या वडिलांचा फोन आला. पोरीशी बोलून झालं, मग मला म्हणाले, "मॅडम, ते सैपाकीण बाई बिमार आहे का जी? हप्ता झाला, दिसून नाही राहिली. पोरीच पोळ्या लाटून राहिल्या."

"दिसून नाही राहिली?" मी म्हटलं. "तुम्हाले कुठून दिसते, भाऊ?"

"मोबाईलात." अगदी साध्या आवाजात. "तुमच्या हापिसातल्या टीव्हीवर दिसते ना, तसंच."

मी म्हटलं, "उद्या या. मोबाईल घेऊन या."

फोन ठेवला आणि मी टीव्ही बंद केला. बटण बंद करून पिनही काढली. टीव्ही बंद म्हणजे कॅमेरे बंद, अशी माझी समजूत. सचिवांना विचारलं, तर त्यांनी शपथेवर सांगितलं की त्यांनी त्यांचा मोबाईल कोणाच्या हातात दिलेला नाही. ते खोटं बोलताहेत, असं मला वाटलं. त्या दिवशी मला सगळेच खोटारडे वाटत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तो माणूस आला. बारीक, उन्हानं रापलेला, हातात पोरीसाठी मुरमुऱ्याच्या लाडवांची पुडी. खुर्चीवर बसेना. मी मोबाईल मागितला तर लगेच काढून पुढे धरला, लपवण्यासारखं काही आहे असं त्याच्या मनातच नव्हतं.

त्याच्या तळहातावर आमचं अंगण होतं. टीव्ही कालपासून बंद होता आणि इथे आठवीतली एक मुलगी केस पुसत उन्हात चालत होती. मी खिडकीतून बाहेर बघितलं. तीच मुलगी, तोच टॉवेल, दोन क्षणांच्या अंतरानं.

"मिलमंधी दुपारची सुट्टी होते तवा पाह्यतो," तो म्हणाला. "तिची माय गेल्यापासून ते कोणासंग बोलत नाही. इथं पाह्यलं का बरं वाटते. हासते इथं. पोरींसंग हासते." मग म्हणाला, "त्या दिवशी तुमी पेट्या उघडल्या, तेही पाह्यलं. तिच्या मायचा फोटू होता ना त्यात?"

मी मान हलवली. वर बघायची हिंमत झाली नाही.

"हे तुम्हाला कोणी दिलं, भाऊ?"

"तुमीच तं देल्लं."

"मी?"

त्यानं पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडला आणि अंगठ्यानं वर वर सरकवत गेला. नोव्हेंबरात मीच टाकलेला फोटो. माझं ऑफिस, भिंतीवर नवा टीव्ही, कपाटावर काळा डबा. डब्याच्या कडेचा चौकोनी कोड स्पष्ट, आणि पांढऱ्या पट्टीवरचा पासवर्ड त्याहून स्पष्ट. खाली मी लिहिलं होतं, 'आता आपल्या मुली चोवीस तास आपल्या नजरेखाली.'

"मले वाटलं, आमच्यासाठीच टाकला," तो म्हणाला. "मले काही समजत नाही यातलं. आमच्या मिलमंधी एक जण आहे, त्याले मोबाईलातलं सगळं येते. त्यानं कोड धरला, आकडे टाकले, लागलं."

"मग त्याच्याही मोबाईलात आहे?"

तो उत्तर द्यायला गेला आणि मध्येच थांबला. ह्याचा त्यानं कधी विचारच केला नव्हता. मी त्याला बसस्टॉपवरची गोष्ट सांगितली, निळ्या ओढणीची. ऐकताना त्यानं लाडवांची पुडी टेबलावर ठेवली. म्हणाला, "बंद करा मॅडम. आत्ताच करा." आणि मोबाईल माझ्या हातात देऊन पाठ फिरवून उभा राहिला.

मी कपाटावर चढून डब्याची इंटरनेटची वायर उपटली. त्याच्या मोबाईलवरचं अंगण थांबलं, मग काळं झालं.

तिथूनच मी भंडाऱ्याला गेले. पोलिसांच्या सायबरचं काम बघणारी एक बाई होती, माझ्यापेक्षा बरीच लहान. तिनं आधी मला सगळं बोलू दिलं. मी मुलींच्या पेट्यांचं सांगितलं, स्वयंपाकिणीचं सांगितलं, चौकीदार आणि सचिवांवरच्या संशयाचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "डब्यावरची पट्टी काढली का?"

नव्हती काढली.

"ग्रुपमधला फोटो?"

तोही तसाच होता. तिथेच बसून मी तो काढायला गेले, तर आता सगळ्यांच्या मोबाईलमधून काढता येईना, इतका जुना झाला होता. ती म्हणाली, राहू द्या, पासवर्ड बदलला की त्या फोटोचा जोर जाईल. आणि पुढचे प्रश्न विचारत गेली. पासवर्ड किती जणांना माहीत आहे? बसवणाऱ्याकडे अजून आहे का? बाहेरून बघायची सोय मुळात कोणाला हवी आहे? अंगणात कॅमेरा लावताना मुलींना विचारलं होतं? मी चोरट्या नजरांचा एवढा विचार करणारी बाई, पण ह्यातला एकही प्रश्न मला आजवर सुचला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती एका जाणकार माणसाला घेऊन मोहाडीला आली. डबा उघडून त्यांनी कोण कोण आत येऊन गेलं त्याची यादी काढली. ती पडद्यावर मावत नव्हती. खाली खाली सरकवत तो माणूस गेला आणि मी बघायचं सोडून दिलं. यादीचे फोटो घेऊन झाल्यावर सगळी जुनी खाती पुसली, डब्यातलं सॉफ्टवेअर नवं केलं, बाहेरून बघायची सोय बंद केली. नवा पासवर्ड मी ठरवला. एकमेकांशी काही संबंध नसलेले चार शब्द, मधे आकडे. तो मी कुठेही चिकटवला नाही. सचिवांना त्यांचं वेगळं खातं दिलं, तेही ऑफिसात येऊन बघण्यापुरतं. अंगणातला आणि जेवणाच्या खोलीतला कॅमेरा चौकीदारानं शिडी लावून काढून टाकला.

जाता जाता तिनं विचारलं, "मॅडम, तुमचे बाकीचे पासवर्ड कसे आहेत?"

मला वाटलं होतं सुटले. वसतिगृहाचा ईमेल, मुलींच्या शिष्यवृत्तीची साइट, माझा मोबाईल, सगळीकडे एकच पासवर्ड होता, माझं नाव आणि जन्मसाल. तिनं समोर बसून एकेक बदलायला लावला, आणि ईमेलला मोबाईलवर येणारा दुसरा कोड विचारण्याची व्यवस्था करून दिली. मग मला आपणहून आठवलं, मुलींच्या आधार कार्डांचे फोटो मी झेरॉक्सच्या दुकानात व्हॉट्सॲपवर पाठवून प्रिंट काढत होते. ते सगळे त्या दुकानाच्या कॉम्प्युटरवर पडून असणार. संध्याकाळी मी त्या दुकानात जाऊन उभी राहिले आणि माझ्या डोळ्यांसमोर पुसायला लावले, रिसायकल बिनमधूनही. दुकानदार म्हणाला, "मॅडम, एवढा अविश्वास?" मी म्हटलं, "तुमच्यावर नाही हो. माझ्यावर."

बसस्टॉपवरच्या दोघांपैकी एक सापडला. आमच्याच एका पालकाचा पुतण्या, काकाच्या ग्रुपमधला तोच फोटो वापरलेला. त्याच्यावर तक्रार झाली, तो गाव सोडून कुठे तरी गेला. दुसरा सापडला नाही. आणि त्या यादीतल्या बाकीच्यांनी काय बघितलं, काय साठवून ठेवलं, ते आजवर कोणाला कळलेलं नाही. बाजारात अनोळखी माणूस माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिला, तर अजूनही माझ्या मनात तेच येतं.

मुलींना सांगणं सगळ्यात अवघड गेलं. जेवणाच्या खोलीत बसवून मी सगळं सांगितलं, फोटो मीच टाकला होता तेही. बारावीच्या दोघी खाली मान घालून रडल्या. नववीतल्या एकीनं विचारलं, "मॅडम, मंग आमच्या पेट्या काहून उघडल्या?" मी तिला म्हटलं, चुकले.

सातवीतली ती मुलगी नंतर एकटी ऑफिसात आली. "मॅडम, बाबा रोज पाह्यत होते?"

"दुपारच्या सुट्टीत."

"मले काहून नाही सांगतलं मंग? मी हात केला असता."

तिच्यासाठी आणि जिला हवं असेल त्या प्रत्येकीसाठी मी बुधवारी आणि रविवारी ऑफिसच्या मोबाईलवरून व्हिडिओ कॉल सुरू केला. तिचे तीनाचे सात-आठ शब्द झाले, त्याहून जास्त नाही. पण स्वेटरची उसवलेली बाही तिनं स्वतः शिवून बाबांना दाखवली.

मावशीकडे मी बाजाराच्या दिवशी गेले. बाजाराच्या मागच्या गल्लीत घर. पुढच्या खोलीत माग, त्यावर नवरा बसलेला. त्यानं माग थांबवला नाही, त्या आवाजातच मला बोलावं लागलं. मावशीनं बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं.

"मावशी, माझी चूक झाली. माफ करा."

"माफी मांगून राहिल्या, ठीक आहे," ती म्हणाली. "पण मोबाईल तं पोरींसमोर हिसकला होता. माफी इथं मांगून काय फायदा?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी मी मुलींसमोर तिची माफी मागितली. तिनं मान हलवली, पदर खोचला आणि गंज चुलीवर ठेवलं. ती परत आली, पण मोबाईल पुन्हा कधी आत आणला नाही. रोज सकाळी तो कापडी पिशवीत गुंडाळून चौकीदाराच्या खोलीत ठेवायची. मी दहा वेळा सांगितलं, मावशी, आणत जा. "नको जी," एवढंच म्हणायची. पूर्वी चार वाजता ती माझ्यासाठी चहा घेऊन यायची आणि समोर बसून दोन गोष्टी करायची. आता चहा चौकीदाराच्या हाती यायचा.

पुढच्या वर्षी सचिवांनी बैठकीत पुन्हा कॅमेऱ्यांचा विषय काढला. व्हरांड्यात एक लावू म्हणाले. मी म्हटलं, आधी लिहून द्या, तो कोण बघणार, कोणत्या मोबाईलवर, किती दिवस साठवणार, आणि मुलींना कोण विचारणार. ते वैतागले. "तुमी आता जरा जास्तच संशयी झाल्या मॅडम." तो कॅमेरा काही लागला नाही.

ज्या हिवाळ्यात हे सगळं झालं, त्या हिवाळ्यात मात्र मुली अंगणात बसायच्या बंदच झाल्या होत्या. कॅमेरा काढला तरी भिंतीवर स्क्रूची चार भोकं राहिली होती. त्यांच्याखालून जाताना मुली ओढणी सारखी करायच्या. केस खोलीतच वाळवायच्या, कपडे न्हाणीघरात टांगायच्या, तिथे ते दमट राहायचे. मी एकदोनदा म्हटलं, उन्हात बसा गं, तर "हो मॅडम" म्हणून आत जायच्या.

मग एका दुपारी मावशी लाखोळीच्या कोवळ्या शेंड्यांनी भरलेली टोपली घेऊन आली. नेहमी ती भाजी स्वयंपाकघरात निवडायची. त्या दिवशी तिनं अंगणाच्या बरोब्बर मधे पोतं अंथरलं, टोपली उपडी केली आणि खोल्यांकडे तोंड करून हाक मारली, "या वं पोरींनो, एकटीनं नाही निवडणं होत." आधी दोघी लहान आल्या. मग सातवीतली ती आली. मग बारावीतली ती, निळी ओढणी घट्ट धरून, आणि पोत्याच्या कडेला टेकली. हळूहळू सगळ्या गोळा झाल्या. कोणीतरी काहीतरी बोललं आणि मावशी मोठ्यानं हसली.

मी ऑफिसच्या दारात उभी होते. मला कोणी बोलावलं नाही. थोडा वेळ बघून मी आत गेले आणि दार लोटून घेतलं.